'द लॉटरी' कशी वाचायची: पेटी, दगड आणि गावानं विसरलेल्या गोष्टी

अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सनची 'द लॉटरी' ही कथा इंग्रजी साहित्य घेतलेल्या बऱ्याच जणांना नेमलेली असते, आणि प्रश्नही ठरलेलाच, प्रतीकं आणि आंधळी परंपरा यावर टीप लिहा. मग गाईड उघडायचं, काळी पेटी म्हणजे मृत्यू, दगड म्हणजे हिंसा, तिपाई म्हणजे अमुक, असं उतरवून काढायचं की झालं. मीही कॉलेजला असंच लिहिलं होतं, मार्कही पडले, पण गोष्ट कळली नव्हती हे पाच-सहा वर्षांनी पुन्हा वाचताना लक्षात आलं. तेव्हापासून जो कोणी विचारेल त्याला मी ही गोष्ट कशी वाचायची ते सांगते, तेच इथं लिहितेय.

आधी गोष्ट वाचून या. खरंच. अर्ध्या तासाच्या आत होते आणि पुढं मी शेवट उघड सांगणार आहे, पहिल्यांदा वाचतानाचा तो धक्का परत मिळत नाही.

वाचलीत? एका ओळीत आठवण: गावात दरवर्षी पेटीतून चिठ्ठ्या काढतात, आधी कुटुंब ठरतं, मग त्यातलं माणूस, आणि काळा ठिपका ज्याच्या चिठ्ठीवर निघेल त्याला सगळं गाव दगड मारतं, या वर्षी ती टेसी हचिन्सन असते. आता थोडी पार्श्वभूमी. गोष्ट 'द न्यूयॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकाच्या 26 जून 1948 च्या अंकात आली आणि गोष्टीतला दिवस आहे 27 जून. म्हणजे अंक हातात आला तेव्हा वाचणाऱ्याच्या कॅलेंडरवर जवळपास तीच तारीख होती, दुसरं महायुद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेली. जॅक्सन तेव्हा अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, नॉर्थ बेनिंग्टनला राहायची, छोटं गाव, आणि गोष्टीतलं तीनशे वस्तीचं गाव साधारण तसंच आहे, पोस्ट, बँक, मधला चौक. त्या उन्हाळ्यात तिला तीनशेच्या वर पत्रं आली, त्यातली चांगलं बोलणारी तिच्या मते फक्त 13, तीही बहुतेक मित्रमंडळींची. काही लोकांनी तर विचारलं होतं की अशा लॉटऱ्या कुठं होतात आणि आम्हाला बघायला येता येईल का! हे मी माहिती म्हणून सांगत नाहीये, या पत्रांकडं आपण शेवटी परत येणार आहोत.

मराठी वाचकाचा पाय दोन ठिकाणी घसरतो, ते आधीच सांगते.

पहिलं म्हणजे जून. आपल्याला जून म्हटलं की मृगाचा पाऊस, पेरण्या, चिखल. तिथं तसं नाही, तिथं जून म्हणजे स्वच्छ ऊन, फुलं, हिरवंगार गवत, पोरांना नुकतीच सुट्टी लागलेली. जॅक्सन सुरुवातच या छान हवेनं करते, त्यामुळं डोक्यातलं आपलं आभाळ बाजूला ठेवा. मग नावंही बघा, ती देवनागरीत आली की त्यांचा अर्थ पुसला जातो. लॉटरी चालवणारा मिस्टर समर्स, म्हणजे उन्हाळा, आणि त्याच्या मागून तिपाई घेऊन येणारा पोस्टमास्तर मिस्टर ग्रेव्ह्ज, म्हणजे थडगी. डेलाक्रॉय हे फ्रेंच नाव, अर्थ 'क्रुसाचा', पण 'डेलाक्रॉय' हा गावातल्या लोकांनी बिघडवलेला उच्चार आहे, मूळ फ्रेंच उच्चार वेगळा. म्हणजे नाव उरलंय, त्यातला क्रूस कुणाला ऐकूच येत नाही.

दुसरी चूक जास्त मोठी आहे. 'आंधळी परंपरा' म्हटलं की आपण लगेच 'अंधश्रद्धा' असं लिहून मोकळं होतो. पण परत वाचून बघा, अख्ख्या गोष्टीत देव नाही, भगत नाही, अंगात येणं नाही, कोप होईल म्हणून कोणी थरथरत नाही. पिकाचा संबंध येतो तो एका म्हणीत, म्हातारा वॉर्नर म्हणतो की जूनमध्ये लॉटरी झाली की कणसं भरणार, तेवढंच. आणि लॉटरी चालवणारा माणूस गावातले सामूहिक नाच, पोरांचा क्लब, हॅलोविनचा कार्यक्रम पण चालवतो, त्याच यादीत हीसुद्धा! सकाळी दहाला सुरू, दुपारच्या जेवणाला घरी. ही श्रद्धा नाही, ही रूढी आहे, आणि तुमच्या टिपेत हा एक शब्द बरोबर पडला तरी अर्धं काम झालं असं मी म्हणेन.

आता खरी पद्धत. वस्तू दिसली की 'ही कशाचं प्रतीक?' असं विचारू नका. विचारा की या वस्तूचं गाव काय करतं, कोण तिला हात लावतं, कोण दुरुस्त करतं, वर्षभर ती कुठं पडलेली असते.

पेटी घ्या. काळा रंग म्हणजे मृत्यू हे कुणीही सांगेल. पण तो रंग उडालाय, एका बाजूला लाकडाच्या ढलप्या निघून आतलं मूळ लाकूड दिसतंय, डाग पडलेत. समर्स दरवर्षी नवीन पेटी करू म्हणतो, लोक ऐकून घेतात आणि विषय तिथंच विरतो. म्हणजे मोडायची नाही. पण जपतात तरी का? तेही नाही, एक वर्ष ग्रेव्ह्जच्या कोठारात, एक वर्ष पोस्टात पायाखाली, एक वर्ष मार्टिनच्या किराणा दुकानात फळीवर. ज्या वस्तूचा इतका धाक तिला ठेवायला कुणाला धड जागा नाही, आणि तरी बदलायची म्हटलं की सगळे गप्प. गावाचं परंपरेशी नातं काय आहे ते या एवढ्यात आलं, मृत्यूपर्यंत जायची गरजच पडली नाही.

यानंतर एक काम करा, मला सगळ्यात उपयोगी पडलेलं हेच आहे. कागदाच्या मधोमध रेघ मारा, एका बाजूला गावानं काय विसरलं किंवा बदललं ते लिहा, दुसऱ्या बाजूला काय राहिलं ते. डावी बाजू भराभर भरते. पूर्वी लाकडाच्या चकत्या होत्या, वस्ती वाढली म्हणून चिठ्ठ्या आल्या, आणि काळा ठिपका समर्स स्वतःच्या कोळशाच्या ऑफिसात आदल्या रात्री पेन्सिलीनं काढतो. पूर्वी काहीतरी म्हटलं जायचं, सूर नसलेलं, घाईघाईत, ते गेलं. उभं राहायची एक पद्धत होती म्हणे, ती कशी होती यावर लोकांचं एकमत नाही. एक खास सलाम होता, तोही गेला. मूळ पेटी केव्हाच हरवलीय. उजव्या बाजूला काय येतं? दगड. बाकी सगळं विसरलं तरी दगड मारायचे असतात हे लक्षात राहिलंय, आणि हे जॅक्सन शेवटाजवळ स्वतःच एका वाक्यात सांगते, पण तुम्ही कागद भरला असेल तर त्या वाक्यापर्यंत पोचायच्या आधीच पोटात गोळा येतो.

ही रेघ मी नंतर आपल्याकडच्या लग्नांवर पण मारून बघितली. दोन-तीन दिवसांचं लग्न एका दिवसावर आलं, मंत्र निम्म्यावर आले, त्यांचा अर्थ गुरुजींना विचारायला कोणी थांबत नाही, रुखवत विकत आणतात, आणि मानपानाची यादी मात्र जशीच्या तशी. काय गळतं आणि काय टिकतं हे बघितल्याशिवाय परंपरेबद्दल बोलूच नये असं मला मनापासून वाटतं. टिपेत हे लिहू नका अर्थात, ते तुमच्यापुरतं.

पात्रांकडं बघताना टेसी हचिन्सनला बंडखोर करू नका, ही चूक मी हुशार मुलांच्या लिखाणात पण बघितलीय. ती उशिरा येते, भांडी घासायची राहिली होती म्हणते, लोक हसतात, तीही हसते. गेल्या वर्षीपर्यंत तीही इतरांसोबत चौकात उभी असणार. ठिपका नवऱ्याच्या चिठ्ठीवर निघतो तेव्हा ती ओरडते की हे बरोबर झालं नाही, पण काय बरोबर नाही? त्याला चिठ्ठी काढायला पुरेसा वेळ दिला नाही, हे! लॉटरी चुकीची आहे असं ती एकदाही म्हणत नाही. आणि पुढचं तर वाचवत नाही, ती आपल्या लग्न झालेल्या मुलीला आणि जावयाला पण चिठ्ठ्यांत धरा म्हणते. का, तर माणसं वाढली की स्वतःवर यायची शक्यता कमी होते. समर्स तिला शांतपणे सांगतो की मुली नवऱ्याच्या घरात मोजल्या जातात. हे वाक्य मराठी वाचकाला समजावून सांगायला लागत नाही. शिवाय मिसेस डनबारचा नवरा पाय मोडून घरी पडलाय म्हणून ती चिठ्ठी काढणार, तर आधी तिला विचारतात की तुला मोठा मुलगा नाही का. तो अजून सोळाचाच आहे म्हणून नाइलाजानं तिला काढू देतात. कोणाची चिठ्ठी कोण काढतं हे एकदा पेन्सिलीनं खुणा करत वाचा, गावाची सगळी उतरंड दिसेल.

वॉर्नरवर फार वेळ घालवू नका. 77 वर्षं तो यात उभा आहे, दुसऱ्या गावांत लॉटरी बंद करायचं चाललंय म्हटल्यावर चिडतो, म्हणजे परंपरेचा आवाज वगैरे, ते सगळे लिहितात. त्यापेक्षा तिथं मिसेस अॅडम्स काय म्हणते ते बघा, की काही ठिकाणी बंद झालीसुद्धा. म्हणजे बंद करता येते हे गावाला माहितीये! आणि तिनं एवढं बोलूनही तिचा नवरा शेवटी गर्दीत अगदी पुढं उभा असतो.

शेवटचं वाचन फक्त दगडांसाठी ठेवा. दुसऱ्याच परिच्छेदात पोरं खिशात दगड भरताना दिसतात, गुळगुळीत, गोल, निवडून, आणि कोपऱ्यात ढीग रचून राखण करतात, पहिल्या वेळी आपल्याला तो खेळ वाटतो. तिथून सरळ शेवटावर या. टेसी आली तेव्हा जिच्याशेजारी उभी राहून हसली ती मिसेस डेलाक्रॉय इतका मोठा दगड उचलते की दोन्ही हात लागतात, आणि दुसरीला म्हणते चल, लवकर. इथं राग कुठं शोधू नका, राग नाहीये, जेवायला घरी जायचंय. एवढ्या एका वाक्यावर पानभर लिहिता येईल, लिहा.

मग तीनशे पत्रांकडं परत या, विशेषतः बघायला येऊ का विचारणाऱ्यांकडं, कारण गोष्टीत बघे कोणीच नाहीयेत, प्रत्येकाच्या हातात दगड आहे. आणि टेसीचा धाकटा डेव्ही, ज्याच्या मुठीतून चिठ्ठी मिस्टर ग्रेव्ह्जना सोडवून घ्यावी लागली इतका लहान, त्याच्याही हातात कोणीतरी थोडे खडे देतं. कोण देतं ते जॅक्सन सांगत नाही. तुमची टीप त्या 'कोणीतरी'पासून सुरू करा.