डिझेल एसयूव्ही दुपारच्या उन्हात पारखावी
ह्युंदाईची क्रेटा आणि कियाची सेल्टॉस या एसयूव्हींत एकाच घडणीचे १४९३ सीसीचे डिझेल इंजिन असल्याने तुलना इंजिनाची नव्हे, तर मागच्या सीटची करावी. आणि तीही मे महिन्यात, दुपारी २ वाजता, आजी व मुलांना मागे बसवून नागपूरच्या वर्धा रोडवर करावी, म्हणजे ४५ अंशांत एसीचा गारवा मागे किती वेळात पोहोचतो आणि चढताना आजींना गुडघा किती उचलावा लागतो, हे कळते. (शोरूममध्ये सगळ्याच गाड्या गार वाटतात.) मात्र रोजची धाव धरमपेठ ते सीताबर्डी एवढीच असेल, तर डिझेल घेऊच नये, कारण बीएस-६ (सध्याचा प्रदूषण-निकष) गाडीच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साचलेली काजळी जळण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते, दर आठवड्याला अमरावतीला जाणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही.