आवाजाच्या तक्रारीवरून पोलीस दारात आले तर

दर ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या गावांत आपली नवी मुलं-मुली उतरतात. कुकर आणा की नको, गादी कुठून घ्यावी, बँकेचं खातं कधी उघडावं, याच्या याद्या इथल्या जुन्या मंडळींकडे तयारच असतात. पोलिसांबद्दल मात्र एकच वाक्य ऐकू येतं, ‘त्यांच्या भानगडीत पडू नका.’ ते पुरेसं नाही. भानगडीत तुम्ही पडत नाही. शेजारी फोन लावतो आणि भानगड तुमच्या दारात येते. म्हणून मी फक्त एवढ्याच विषयावर लिहिते आहे. थंडीचे कपडे आणि क्रेडिट स्कोअर सांगणारे खूप जण भेटतील.

आपल्याकडे आवाज वाढला की शेजारचे काका गॅलरीतून ओरडतात, फार झालं तर बेल वाजवतात. इथे रात्री अनोळखी घराचं दार वाजवायला लोक घाबरतात, कारण आत कोणाकडे बंदूक असेल ते कळत नाही. ते सरळ पोलिसांना कळवतात आणि येणाऱ्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असतं. ‘गाणी बंद करा’ एवढं सांगायला हत्यारबंद माणूस पाठवणं मला साफ चुकीचं वाटतं, आणि इतकी वर्षं इथे राहूनही त्याची सवय झालेली नाही. पण आज व्यवस्था हीच आहे आणि तुम्हाला तिच्यातच राहायचं आहे.

ही व्यवस्था कुठवर जाऊ शकते त्याचं एक उदाहरण. मे २०२० मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये एक माणूस रात्री घरात मैत्रिणीबरोबर व्हिडिओ गेम खेळत होता. वरच्या मजल्यावरच्याने आवाजाची तक्रार केली. पोलीस लवकर येईनात, तेव्हा त्याने पुन्हा फोन करून मारामारी चालू असल्यासारखं भासवलं. इतक्या रात्री दार वाजतंय म्हणून तो माणूस हातात पिस्तूल घेऊन दारात आला. समोर पोलीस दिसताच तो पिस्तूल खाली ठेवायला वाकत होता, तेवढ्यात त्याला गोळ्या घातल्या. शहराने पुढे कुटुंबाला ३० लाख डॉलर दिले. तो विद्यार्थी नव्हता आणि तुमच्या घरात पिस्तूल नसणार, हे मला कळतं. पण यातली एक गोष्ट तुम्हालाही तशीच्या तशी लागू आहे. दार वाजवणाऱ्या पोलिसाला फोनवर काय सांगितलं गेलंय, ते तुम्हाला माहीत नसतं. तुमच्या लेखी तो आवाज कमी करायला सांगणारा माणूस असतो. त्याच्या डोक्यात ‘आत मारामारी’ असू शकतं.

आवाजाबद्दल थोडक्यात. इथल्या बहुतेक अपार्टमेंट इमारती लाकडी सांगाड्याच्या असतात, वरच्या मजल्यावर टाच आपटली तरी खाली कळतं. भाडेकरारात शांततेचे तास लिहिलेले असतात, बहुतेक ठिकाणी रात्री दहा किंवा अकरापासून सकाळी सातपर्यंत. आपली मुलं पार्टीपेक्षा दोन कारणांनी जास्त अडकतात. एक, रात्री बाल्कनीत उभं राहून घरच्यांशी मोठ्याने फोनवर बोलणं. दुसरं, क्रिकेट. भारतात दुपारी दोनला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या वेळेने पहाटे साडेचारला लागतो. दहा पोरं पहिल्या विकेटला ओरडली की अर्धी इमारत उठते. गणपतीची आरती झांजांसह करायची तर संध्याकाळी सातला करा, रात्री अकराला नको.

चार माणसं बोलवायची असतील तर आदल्या दिवशी वरच्या, खालच्या आणि बाजूच्या घरी चिठ्ठी सरकवा. ‘शनिवारी पाहुणे आहेत, त्रास झाला तर या नंबरवर कळवा.’ कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्ससारख्या काही गावांत पार्टीची आधी नोंदणी करता येते. मग तक्रार आलीच तर आधी तुम्हाला फोन येतो आणि आवरायला वीस मिनिटं मिळतात, पोलीस त्यानंतर. तुमच्या गावात अशी सोय आहे का, ते विद्यापीठात विचारा. एकवीस वर्षांच्या आतल्या कोणाच्या हातात तुमच्या घरात बिअर दिसली तर तो वेगळाच गुन्हा होतो, तेव्हा अशा वयाच्या मुलांना बोलावलंय तिथे दारू काढूच नका.

आता दार. ठोठावल्याचा आवाज आला की आधी गाणी बंद करा. मग एकानेच पुढे जायचं. ज्याचं नाव करारावर आहे आणि ज्याने प्यायलेली नाही, त्याने. बाकीच्यांनी जिथे असाल तिथे थांबायचं. मागच्या दाराने पळू नका, बाथरूममध्ये लपू नका, खिडकीतून डोकावू नका. पळणारा माणूस दिसला की पोलीस पाठलाग करतो, आणि अंधारातल्या पाठलागाचा शेवट जमिनीवर आपटण्यात होतो. जो पुढे जाईल त्याने किल्ली घेऊन बाहेर पाऊल टाकायचं आणि दार मागे ओढून घ्यायचं. किल्ली विसरू नका. पुष्कळ दारं आपोआप लॉक होतात, आणि मग ती उघडण्याच्या गडबडीत पोलीस तुमच्या मागोमाग आत शिरतात. बाहेर आल्यावर दोन्ही हात दिसतील असे ठेवून एवढंच म्हणायचं: ‘सॉरी ऑफिसर, म्युझिक बंद केलंय, पाहुणे निघतायत.’ नाव विचारलं तर खरं सांगा. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं.

आपल्या मुलांचं नडतं ते सौजन्य. दारात आलेल्याला उंबरठ्यावर ताटकळत ठेवायचं नाही, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. पोलिसाने ‘आत येऊ का?’ विचारलं की तोंडातून ‘या ना’ निघून जातं. ते म्हणू नका. तुमची परवानगी किंवा वॉरंट नसेल तर पोलीस सहसा घरात येऊ शकत नाहीत. इथल्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती ते संरक्षण देते आणि ते नागरिक नसलेल्यांच्या घरालाही आहे. किरकोळ गुन्ह्यासाठी तातडीचं कारण सांगून घरात घुसणं सहसा चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितलं. पण अपवादही ध्यानात ठेवा. युटामधल्या एका गोंगाटाच्या पार्टीत पोलिसांना खिडकीतून हाणामारी दिसली, ते थेट आत गेले, आणि २००६ मध्ये त्याच न्यायालयाने ते योग्य ठरवलं. म्हणजे आत ढकलाढकली दिसली की दार उघडं पडलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या निकालाप्रमाणे, एक रूममेट ‘या’ म्हणाला आणि समोर उभा असलेला दुसरा ‘नाही’ म्हणाला, तर ‘नाही’ चालतं. म्हणून सगळ्या रूममेट्सनी हे आधी एकदा बसून बोलून घ्या.

तरीही ते आत आलेच तर अडवू नका. दारात हात आडवा धरू नका. ‘आय डू नॉट कन्सेंट’, म्हणजे माझी परवानगी नाही, हे एकदा, स्पष्ट आणि शांतपणे म्हणा आणि बाजूला व्हा. ते चुकीचं होतं की बरोबर, ते पुढे वकील बघेल. दारात भांडून तो हक्क मिळत नाही, अंगावर मात्र वळ मिळतात.

पोलिसांनी किती बळ वापरावं, याचा कायदा १९८९ च्या एका निकालावर उभा आहे. त्या क्षणी, त्या जागी उभ्या असलेल्या समंजस अधिकाऱ्याला काय वाटलं असतं, त्यावर ते मोजलं जातं. तुमच्या मनात काय होतं याला तिथे किंमत नाही, तुमचं अंग काय करत होतं याला आहे. म्हणून आपल्या काही सवयी दाराबाहेर सोडाव्या लागतात. समजावताना आपण पुढे सरकतो. ‘अहो ऐका तरी’ म्हणत समोरच्याच्या दंडाला हात लावतो. इथे पोलिसाला हात लागला की हल्ल्याचं कलम लागू शकतं. पाच जण एकाच वेळी, त्यातले तीन मराठीत, बोलायला लागतात. घाबरलं की आपल्याला हसू येतं. ओळखपत्र काढायला झटकन खिशात हात जातो. आधी सांगा, ‘आयडी मागच्या खिशात आहे, काढू का?’ आणि हो म्हटल्यावर सावकाश काढा. पैशांची भाषा तर चुकूनही तोंडातून काढू नका.

हे सगळं पाळूनही मार बसू शकतो, आणि बसला तर तो तुमचा दोष नाही. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसमध्ये २००४ साली विद्यार्थ्यांची मोठी पार्टी पांगवताना पोलिसांनी मिरीपुडीच्या गोळ्या झाडल्या. इमारतीतून बाहेर पडायची वाट बघत उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याच्या डोळ्याला गोळी लागली, त्याची नजर कायमची अधू झाली आणि खेळाची शिष्यवृत्ती गेली. ते बळ अवाजवी होतं असं न्यायालयाने म्हटलं, पण २०१२ मध्ये. मेरीलँड विद्यापीठाजवळ २०१० मध्ये बास्केटबॉलच्या विजयानंतर रस्त्यावर आलेल्या एका विद्यार्थ्याला पोलिसांनी काठ्यांनी बडवलं आणि त्यानेच पोलिसांच्या घोड्यांवर हल्ला केला असं कागदावर लिहिलं. सत्य बाहेर आलं ते व्हिडिओमुळे, आणि एका अधिकाऱ्याला मारहाणीबद्दल दोषी ठरवलं गेलं. म्हणून व्हिडिओ घ्या, पण ज्याच्याशी पोलीस बोलतायत त्याने नाही. दुसऱ्याने, लांबून, मध्ये न येता.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे लिहायला बसले, ती. गुन्हा लवकर मिटावा म्हणून कबूल करू नका.

माझ्या ओळखीतला मास्टर्सचा एक मुलगा मित्राच्या घरी होता. तक्रार आली, पोलीस आले, बाहेर निघताना तो ‘आम्ही काय केलं?’ म्हणत थांबला, तर त्याला खाली पाडून गुडघा पाठीवर दिला. कोपर सोललेलं, चष्मा मोडलेला. कलमं लागली डिसऑर्डर्ली कंडक्ट (गोंधळ घालणं) आणि रेझिस्टिंग अरेस्ट (अटकेला विरोध). पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यातच सरकारी वकिलाने सांगितलं, गुन्हा मान्य कर, दंड भर, तुरुंग नाही, आजच मोकळा. त्याची परीक्षा तोंडावर होती. आपल्याच मंडळातल्या एका मोठ्या माणसाने सल्ला दिला, ‘भर आणि विसरून जा.’ त्याने भरला. पुढे बहिणीच्या लग्नाला घरी गेला आणि व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकून पडला, एक सत्र बुडालं. ज्याने आपटलं त्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा करायची वाटही जवळजवळ बंद झाली, कारण ‘मी अटकेला विरोध केला’ हे त्याने स्वतःच कोर्टात मान्य केलं होतं.

राज्याच्या कोर्टात ‘काही दिवस नीट वागलास तर नोंद राहणार नाही’ अशी सवलत मिळते. अमेरिकन मुलासाठी ती चांगली असेल. तुमच्यासाठी सापळा असू शकते. तुम्ही गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने काही शिक्षा किंवा बंधन घातलं, की इमिग्रेशनच्या कायद्यात ती शिक्षा झाल्याचीच नोंद धरली जाते, राज्याने नंतर पुसली तरी. व्हिसाच्या अर्जात तर कधी अटक झाली होती का, हाही प्रश्न आहे. २०२५ च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतल्या, नोंदी अचानक बंद केल्या गेल्या. पुष्कळांच्या नावावर किरकोळ पोलीस प्रकरणांपलीकडे काही नव्हतं, काहींची प्रकरणं तर निकालात निघालेली होती. कोर्टात दावे झाले तेव्हा नोंदी परत सुरू झाल्या, पण मधल्या काळात मुलांची झोप उडाली होती.

२०१० पासून फौजदारी वकिलाने परदेशी अशिलाला हद्दपारीचा धोका समजावून सांगणं बंधनकारक आहे. म्हणून सही करायच्या आधी वकिलाला स्वतःहून सांगा, ‘मी एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय मी काही मान्य करणार नाही.’ मोठ्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी स्वस्तात किंवा मोफत वकील मिळतात, तो पत्ता पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातली माणसं मायाळू असतात, पण ती तुमची वकील नसतात. आधी वकील, मग ते.

आपल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. ‘आपण शिकलेले लोक, आपल्याला पोलीस काही करत नाहीत’ असं तुम्हाला इथे पार्ट्यांमधून ऐकवलं जाईल. काहीजण पुढे जाऊन ‘ज्यांना मार बसतो त्यांनी काहीतरी केलेलंच असतं’ असंही म्हणतील. हे ऐकून मला राग येतो. त्या मुलाचा मोडलेला चष्मा मी बघितला आहे, आणि मंडळातली माणसं त्याच्या आईवडिलांना फोन करून ‘संगत सांभाळा’ सांगत होती, तेही ऐकलं आहे. मार बसलेल्या मुलाला सगळ्यात आधी कोणीतरी गाडीत घालून दवाखान्यात न्यावं, जखमांचे फोटो काढावेत, बोलणं नंतर.

फोटो त्याच दिवशी आणि परत दोन दिवसांनी काढा, वळ नंतर काळेनिळे होतात. अधिकाऱ्याचं नाव, बॅज नंबर, वेळ, कोण कोण होतं, हे झोपायच्या आधी लिहा. बॉडीकॅमचं, म्हणजे पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं, चित्रण मागता येतं, वकिलाकडून लगेच मागा. पोलीस खात्याकडे तक्रार करायला धावू नका, कारण तुमच्यावर खटला चालू असेल तर तक्रारीतलं वाक्य तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. पण फार थांबूही नका. कॅलिफोर्नियात अशा दुखापतीसाठी राज्याच्या कायद्याखाली सरकारी खात्याकडे भरपाई मागायची मुदत सहा महिन्यांचीच आहे.

कॅम्पसवरचे पोलीस वॉचमन नसतात. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत ते पूर्ण अधिकार असलेले हत्यारी पोलीस असतात.

शेवटी आई-बाबा. ते दीक्षांत समारंभाला येतील, संध्याकाळी फिरायला निघतील. २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनमध्ये मुलाकडे आलेले गुजरातचे एक आजोबा असेच फिरत होते. कोणीतरी संशयित माणूस म्हणून पोलिसांना फोन केला, आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, अधिकाऱ्याने त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांचं अंग अंशतः लुळं पडलं. आई-बाबांच्या खिशात तुमचं नाव, पत्ता, फोन आणि ‘मला इंग्रजी येत नाही, कृपया माझ्या मुलाला फोन करा’ असं इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पण पोलीस समोर असताना ती काढायला खिशात हात घालायचा नाही, आधी दोन्ही हात दिसू द्यायचे, हे त्यांच्याकडून घरात दोनदा करवून घ्या. त्याहून बरं म्हणजे चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात, स्वेटरच्या बाहेर.