अथेन्समधील हेफायस्टसचे मंदिर कसे पाहावे

या मंदिराकडे प्राचीन अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या बाजूने टेकडी चढून जावे. कारण त्याचे तोंड पूर्वेला आहे आणि बहुतेक कोरीवकाम बाजारातून वर पाहणाऱ्याच्या नजरेत भरेल अशाच बेताने योजलेले आहे. इ.स.पू. ४४९ च्या सुमारास काम सुरू झालेल्या या डोरिक (साध्या, भक्कम स्तंभांच्या ग्रीक) शैलीच्या वास्तूला दर्शनी बाजूस ६ आणि लांबीच्या बाजूस १३ स्तंभ आहेत (कोपऱ्यातले दोन्हींकडे मोजावेत).

त्यानंतर नजर स्तंभांच्या वरच्या चौकोनी फलकांकडे न्यावी. पूर्वेच्या १० फलकांवर ग्रीक पुराणातील महाबली वीर हेराक्लीजचे पराक्रम आहेत, उत्तर व दक्षिण बाजूंच्या पूर्वेकडील चार-चार फलकांवर अथेन्सचा पौराणिक राजा थीसियस याचे. उरलेले ५० फलक शिल्पाविना आहेत. इथेच पाहणारा फसतो. थीसियसमुळे शतकानुशतके हे त्याचेच मंदिर मानले गेले आणि शेजारच्या वस्तीला त्याचे नाव आजही चिकटलेले आहे.

खरे यजमान ओळखायचे असतील, तर शिल्पे क्षणभर विसरून परिसर पाहावा. टेकडीच्या आसपास धातुकाम करणारे राहत आणि कुंभारांची वस्ती जवळच होती. अग्नी व धातुकामाचा देव हेफायस्टस आणि हस्तकौशल्यांची देवी अथेना या दोघांच्या ब्राँझच्या मूर्ती गाभाऱ्यात होत्या. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस लिहितो, की हेफायस्टसजवळ अथेनेची मूर्ती पाहून आपल्याला नवल वाटले नाही, कारण एरिक्थोनियसची कथा आपल्याला ठाऊक होती. त्या कथेत हेफायस्टसच्या वीर्यापासून भूमीच्या पोटी जन्मलेले मूल अथेना वाढवते, आणि अथेन्सचे लोक त्यालाच आपला पूर्वज मानत. ही कथा वाचूनच जावे, कारण त्या मूर्ती आता नाहीत आणि दोन्ही देवतांचे नाते दाखवील असे तिथे फारसे काही उरलेले नाही.

प्रदक्षिणा घालताना जमिनीकडेही लक्ष द्यावे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात स्तंभांना समांतर ओळींत खड्डे खोदून झाडे लावली होती. उत्खननात त्या खड्ड्यांत मातीच्या कुंड्या सापडल्या. शेवटी मागच्या, पश्चिमेच्या बाजूला थांबून आतल्या भिंतीवरील सेंटॉरांच्या (अर्धे मानव, अर्धे घोडे) लढाईचा शिल्पपट पाहावा. वास्तू एवढी शाबूत कशी, याचे मोठे कारण म्हणजे सातव्या शतकाच्या सुमारास तिचे सेंट जॉर्जच्या चर्चमध्ये रूपांतर झाले. आतली रचना त्यात बदलली, पण बाहेरचा सांगाडा टिकला.