जाणत्यांच्या ताफ्यात नवखी गाडी: ऑफ-रोडिंग शिकायचं कसं

थार किंवा जिम्नी दारात येते, पहिला पाऊस पडतो आणि कुणीतरी मित्र विचारतो, "रविवारी ट्रेलला येतोस का?" ट्रेल म्हणजे डांबर सोडून चिखल-दगडांतून जाणारी वाट. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, कुठेही बघा, बहुतेकांची सुरुवात अशीच होते. ताफ्यात वर्षानुवर्षं चिखल तुडवलेली माणसं असतात. त्यांच्या जिप्सी आणि जुन्या जीपना मोठे टायर असतात, पुढे विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) असते. ते बघून नवख्याला वाटतं, आपल्या गाडीला आधी दोन लाखांचं सामान लावायला हवं.

तसं काही करू नका. २०२० साली आलेल्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर, २२६ मिलिमीटर आहे आणि कंपनीने ६५० मिलिमीटर पाण्यापर्यंतची क्षमता दिली आहे. जिम्नीचा क्लिअरन्स २१० मिलिमीटर. सह्याद्रीतल्या सुरुवातीच्या ट्रेलसाठी हे भरपूर झालं. नवख्याकडे खरी उणीव असते ती जमीन ओळखणाऱ्या नजरेची. ही नजर गाडीतून उतरून, पायी चालून आणि दुसऱ्याची गाडी निघताना जवळून बघून तयार होते. म्हणून इथला क्रमही तसाच ठेवलाय: आधी पाय, मग हात, ॲक्सिलरेटर शेवटी.

पहिल्या फेरीला शेजारच्या सीटवर बसा

ग्रुपच्या म्होरक्याला सरळ सांगा, "दादा, मी नवीन आहे. या वेळी गाडी आणत नाही, तुमच्याबरोबर बसतो." कुणी नाही म्हणत नाही, कारण रिकव्हरीला, म्हणजे अडकलेली गाडी काढायला, दोन हात जास्त मिळतात. प्रत्येक अडथळ्याला खाली उतरा आणि पुढचं चाक नेमकं कुठे पडतंय, चारपैकी कुठलं चाक उचललं जातंय, तेवढंच बघत राहा. पाच गाड्या एकाच चढावरून गेल्या की लक्षात येतं, जी गाडी सर्वात कमी आवाज करत गेली तीच सर्वात सहज गेली.

रीतसर शिकायचं असेल तर इगतपुरीजवळ महिंद्राची ऑफ-रोड ट्रेनिंग ॲकॅडमी आहे. तिथे चढ, खड्डे, चिखल, पाणी असे अडथळे मुद्दाम बांधलेले आहेत आणि शेजारी प्रशिक्षक असतो. गोव्यात २०१४ मध्ये सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया ही भर पावसातली स्पर्धाही बघण्यासारखी आहे. तिथलं ड्रायव्हिंग नवख्याने करायचं नाही, पण विंच आणि दोर हाताळताना ती माणसं किती शिस्तीत वागतात ते डोळे भरून पाहा.

गाडी नेण्याआधी

गाडीचं मॅन्युअल वाचा. विशेषतः टो हुक (गाडी ओढायला दोर लावायचा हुक) कुठे आहे, फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा संथ, जोरकस गिअर) कसा टाकायचा आणि इंजिन हवा कुठून घेतं, ही तीन पानं. गाडीतल्या सुट्या वस्तू काढून ठेवा. पाण्याची बाटली ब्रेकखाली घरंगळली तर उतारावर जीव जातो. प्रेशर गेज, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, हातमोजे, पकड असलेले बूट, भरपूर पाणी आणि खाणं एवढं घ्या. वॉकीटॉकी घेणार असाल तर परवाना लागत नाही अशा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला घ्या.

ट्रेल सुरू होताना टायरमधली हवा कमी करा. रस्त्यावर ३० च्या आसपास पीएसआय असते, ती मुरूम-दगडांवर २० ते २२ पर्यंत आणा. टायर जमिनीला जास्त लांबीवर टेकतो, धारदार दगडाला अंग देतो आणि गाडी उड्या मारायची थांबते. वाळूत लोक १५ ते १८ पर्यंत जातात, पण तिथे जोरात वळलं तर टायर रिममधून सुटू शकतो. परत डांबरावर येण्याआधी हवा भरायचीच.

स्टिअरिंग धरताना अंगठे आत गुंडाळू नका, रिमवर बाहेर ठेवा. चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि आतला अंगठा मोडतो.

फोर-हाय आणि फोर-लो

थार आणि जिम्नी दोन्हींत पुढची-मागची चाकं फोर-व्हीलमध्ये एकमेकांना घट्ट जोडली जातात, मध्ये डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची यंत्रणा) नसतं. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद, पण नेहमीचा वेग) वळणं घेऊ नका. ट्रान्समिशनवर ताण साठत जातो. माती सुरू झाली की फोर-हाय. चढ, दगड, तीव्र उतार किंवा खोल चिखल दिसला की गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून (ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलला घेऊन) फोर-लो. हे सगळं अडथळ्याच्या आधी, सपाटीवर करायचं. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) लिव्हरला न्यूट्रल असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: लिव्हर न्यूट्रलमध्ये असताना गिअर टाकलेला असला तरी गाडी घरंगळते. हँडब्रेक ओढल्याशिवाय त्या लिव्हरला हात लावू नका.

फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता गाडी माणसाच्या चालीने चालते. एखाद्या मोकळ्या मुरमाच्या मैदानात तासभर नुसतं असंच चालवा. क्लचवर पाय ठेवायची सवय इथेच सुटायला हवी.

जमीन वाचायची कशी

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या.

मुरूम हा नवख्याचा मित्र. पाणी लगेच निचरतं, टायरला धरायला काहीतरी मिळतं. काळी माती त्याच्या उलट. ओली झाली की ती टायरच्या खाचांत भरून बसते, दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि मग उत्तम ऑल-टेरेन टायरही टक्कल पडल्यासारखा घसरतो. काळ्या मातीत थांबायचं नाही, एक लय धरून जायचं आणि स्टिअरिंग सरळ ठेवायचं. पाऊस नुकताच थांबला असेल तर त्या शेतवाटेने जायचंच नाही, हेच शहाणपणाचं. कातळ दिसायला भक्कम असतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं. बुटाने घासून बघा. तुमचा पाय सरकत असेल तर टायरही सरकणार. कोकणातला जांभा खरखरीत असल्याने पकड चांगली देतो, मात्र त्याच्या कडा साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कापतात.

आधीच्या ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या दिसल्या की खाली उतरून त्यांची खोली बघा. टाच रोवून गुडघ्यापर्यंत पाय गेला तर गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर बसणार आणि चारही चाकं हवेत फिरणार. अशा वेळी एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं चाकोरीबाहेर, अशी वाट घ्यायची.

दगडांच्या बाबतीत नवख्याचा हात उलटा जातो. मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढावासा वाटतो. तो चाकाखाली घ्या. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, थारला मागे. ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा हा गाडीचा सर्वात खाली लोंबणारा भाग. चाक दगडावर चढलं की तो गोळाही वर उचलला जातो. दगड मधून घेतला तर तो थेट त्या गोळ्यावर आदळतो.

चर आडवा आला तर तिरपं जा, म्हणजे एका वेळी एकच चाक आत उतरतं. चढ मात्र नेहमी सरळ नाकासमोर. चढावर तिरपं जाणारी गाडी कलंडते.

तिरपं लोंबकळल्यावर

खड्ड्यांत एक पुढचं चाक आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं मागचं चाक उचललं जातं. गाडी थांबते, ती दोन चाकं हवेत गरगर फिरतात. ताकद नेहमी सोप्या वाटेने, म्हणजे हवेतल्या चाकाकडे पळते. नवखा इथे घाबरून पाय काढतो, मग जोरात दाबतो, पुन्हा काढतो. तसं करू नका. नव्या गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला पाठवणारी यंत्रणा असते. तिला काम करायला दोन-तीन सेकंद एकसारखा ॲक्सिलरेटर लागतो. खालून कर्रकर्र आवाज येईल, तो तिचाच. पाय स्थिर ठेवला की गाडी हळूच पुढे सरकते.

स्पॉटर एकच असतो

अडथळ्यावर बाहेर उभा राहून हाताने वाट दाखवणारा माणूस म्हणजे स्पॉटर. गाडी पुढे टाकण्याआधी विचारा, "मला कोण बघतंय?" एक नाव ठरलं की फक्त त्याचे हात बघायचे. काठावरून चार जण "डावीकडे मार", "अरे उजवीकडे" असं ओरडत असतील तर गाडी थांबवा, काच खाली करा आणि सांगा, "एकानेच सांगा." जाणत्यांना याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. स्पॉटरचा हात कुठल्या बाजूला वळला की स्टिअरिंग कुठल्या बाजूला फिरवायचं, आणि मूठ आवळली की थांबायचं, या खुणा आधीच ठरवून घ्या. स्पॉटर दिसेनासा झाला तर थांबा. तो दगडाला घसरून तुमच्याच चाकापुढे पडलेला असू शकतो.

अडथळ्यावर एका वेळी एकच गाडी. आणि "मी हा घेत नाही" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगल्या ताफ्यात बगल देऊन जाणारी वाट नेहमी शोधून ठेवलेली असते. जिथे नाही म्हणणाऱ्याची टर उडवली जाते, तो ताफा सोडा.

चढ, उतार, पाणी

चढ अर्ध्यात सुटला तर वळवायचा प्रयत्न अजिबात नको. ब्रेक दाबून धरा, क्लच दाबून रिव्हर्स टाका, इंजिन बंद पडलं असेल तर सुरू करा, मग क्लच सोडत सोडत ब्रेक सैल करा आणि आलात तसे सरळ मागे या. उतारावर फोर-लो, पहिला गिअर, क्लचवरून पाय दूर. मागचा भाग एका बाजूला सरकू लागला तर ब्रेक सोडून थोडा ॲक्सिलरेटर द्या, गाडी पुन्हा सरळ होते.

ओढ्यात आधी स्वतः उतरा, हातात काठी घ्या. तुम्हाला उभं राहणं कठीण जात असेल, इतकी ओढ असेल तर गाडी नेऊ नका. वाहतं पाणी दोन फुटांचं असलं तरी बहुतेक गाड्या उचलल्या जातात. ६५० मिलिमीटरचा आकडा संथ पाण्यासाठी धरा. गाडी हळू उतरवा, समोर पाण्याची छोटी लाट तयार होईल इतका वेग धरा आणि मध्ये गिअर बदलू नका. खोल पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

दोर ताणला की माणसं लांब

ऑफ-रोडिंगमध्ये गंभीर इजा होतात त्या बऱ्याचदा अडकलेली गाडी काढताना. म्हणून पहिल्या काही फेऱ्या नुसतं बघा, सांगितलं तेवढंच करा.

कायनेटिक दोर नायलॉनचा असतो, ताणला जातो, झटका देऊन गाडी काढायला वापरतात. साधा पट्टा ताणला जात नाही. त्याने झटका दिला तर हुक तुटून गोळीसारखा उडतो. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीच लावू नका. तो तुटून काचेतून आत घुसल्याने माणसं दगावली आहेत. शॅकलवर (दोर अडकवायच्या लोखंडी कडीवर) वजनाचा आकडा कोरलेला हवा; १९ मिलिमीटरच्या बो शॅकलवर साधारण ४.७५ टन असतो. त्याची पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, नाहीतर ताण आल्यावर अडकून बसते. दोराच्या मधोमध ओलं पोतं किंवा जॅकेट टाका आणि दोराच्या दीडपट अंतरावर सगळ्यांना उभं करा. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांनाही. विंच झाडाला बांधताना रुंद पट्टा वापरा, नुसता दोर साल कापतो.

त्याआधी एक गोष्ट करून बघा. फावड्याने चाकांपुढची माती काढा, हवा आणखी थोडी कमी करा, मागे घ्या. अनेकदा एवढ्यानेच गाडी निघते.

ही जमीन कुणाची तरी आहे

वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी नेणं गुन्हा ठरू शकतं. साताऱ्याच्या कास पठारासारखे सडे तर पूर्णच वर्ज्य समजा. तिथे कातळावर मातीचा थर इतका पातळ असतो की एका टायरच्या खुणेत फुलांची मुळं उखडली जातात. समुद्रकिनाऱ्याच्या ओल्या वाळूत भरतीच्या वेळी रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच.

शेतातून जायचं असेल तर थांबून विचारा, "काका, इकडून गाड्या नेल्या तर चालतील का?" भातखाचराचा बांध चाकाखाली खचला तर पाणी वाहून जातं आणि रोपं सुकतात. बांध खचला तर ताफ्याने तिथेच थांबून तो नीट लावून द्यायचा.

परतल्यावर

हवा भरा. चाकांचे नट तपासा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल कमी दाबाच्या पाण्याने धुवा, नाहीतर घाट चढताना इंजिन तापतं. ब्रेक डिस्कच्या मागे अडकलेले खडे काढा. पाण्यातून गेला असाल तर दोन-तीन दिवसांत गॅरेजमध्ये डिफरन्शियलचं तेल बघून घ्या. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. लगेच बदलून टाका, पुढच्या ट्रेलपर्यंत थांबू नका.