समुद्राजवळ गाडी ठेवताय? मग या चुका टाळा, नाहीतर पत्रा सडलाच म्हणून समजा

कोकणात किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला गंज काही नवीन नाही. पण मला दरवेळी वाईट याचं वाटतं की दर रविवारी धुतलेली, पॉलिश मारलेली चकाचक गाडी गॅरेजमधे रॅम्पवर चढते आणि खालून रनिंग बोर्डला, म्हणजे दरवाजाखालच्या पट्टीला, स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत जातो. मालकाने काळजी घेतलेली असते हो, फक्त जिथे गंज धरतो तिथे घेतलेली नसते.

म्हणजे पहिली चूक, गाडी फक्त वरून धुणं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, खारा वारा तेच मीठ बारीक तुषारांतून आणून मडगार्डच्या आत, चेसिसवर, सायलेन्सरच्या जोडावर सगळीकडे बसवतो. आणि ते वाळलं म्हणजे संपलं असं नाही, हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं आणि परत ओलं होतं, पावसाळ्यात तर आपल्याकडे हवा त्याहून दमट असते, म्हणून शेडमधे नुसती उभी असलेली गाडीसुद्धा गंजत राहते. पंधरा दिवसांतून एकदा तरी खालून पाणी मारा, चाकांच्या कमानीत पाइप घालून चिखल निघेपर्यंत मारा. प्रेशरचं पाणी असेल तर फक्त वायरिंगच्या कनेक्टरवर सरळ धरू नका.

आता यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात, पाणी कुठलं वापरताय? किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्याच पाण्याने गाडी धुतली तर मीठ काढायच्या नावाखाली परत मीठच लावताय. शेवटच्या दोन बादल्या तरी गोड्या पाण्याच्या घ्या.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. जेटीवरून मासळी आणायची, पेटी डिकीत ठेवायची, बर्फ वितळून खारं पाणी गालिच्याखाली जायचं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचायचं. वरून कोरडं दिसायचं. दोन वर्षांनी स्टेपनी काढली तर खाली भोक. तेव्हापासून पेटी खोलगट प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवतो आणि घरी आल्यावर डिकी धुवून उघडी ठेवतो, तुम्ही पण तेवढं कराच. आतले मॅट ओले राहिले तर तेच होतं, पावसाळ्यात मॅटखाली हात घालून बघत जा.

पेंटला फोड आलाय? तो बारीक असतानाच धरा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो म्हणून पेंट वर उचलला जातो, म्हणजे फोड दिसतो तेव्हा आत त्याच्यापेक्षा जास्त पसरलेलं असतं. इथे लोक वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारून घेतात, वर्षभरात फोड परत तिथेच. चमकता पत्रा दिसेपर्यंत घासायचं, ज्या खड्ड्यांत पॉलिश पेपर पोचत नाही तिथे रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा पक्का थर करणारं रसायन) लावायचं, मग प्रायमर, मग रंग. बोट दाबल्यावर पत्रा आत गेला तर मात्र घासण्यात अर्थ नाही, तेवढा तुकडा कापून नवीन वेल्ड करून घ्या.

अंडरकोटिंगचं, म्हणजे गाडीच्या तळाला मारायच्या थराचं, पण तसंच. चिखलावर, ओल्यावर किंवा जुन्या गंजावर काळा थर मारला की ओल आत कोंडते आणि गंज नजरेआड वाढत राहतो, याच्यापेक्षा न केलेलं बरं. आधी धुणं, पूर्ण वाळवणं, गंज काढणं, मगच कोटिंग. आणि मारणाऱ्याच्या शेजारी उभे राहा, दरवाजाच्या आणि रनिंग बोर्डच्या खाली पाणी जायची बारीक भोकं असतात ती बुजली तर दरवाजा आतून कुजतो. वायपरखाली आंब्याची पानं अडकतात ती पण काढत जा.

पुळणीवर गाडी घालू नका, हे हात जोडून सांगतो. लाटेतून गाडी नेली की खारं पाणी बेअरिंग, ब्रेक आणि अशा खाचांत जातं की नंतर धुऊनही निघत नाही. शिवाय वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, चाकाखाली वाळू दबते, घरटी जातात.

आणि चाकरमान्यांची गावी ठेवलेली गाडी. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधून मुंबईला जाऊ नका, आत घाम धरतो. शेड असेल तर कव्हर नसलं तरी चालेल. हँडब्रेक ओढून महिनोन्‌महिने ठेवला तर ब्रेक चिकटतो, त्यापेक्षा गिअरमधे टाका आणि चाकाला दगड लावा, बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन लावा. परत आल्यावर डिस्कवर नारिंगी थर दिसला तर घाबरू नका, हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक मारले की जातो. त्यानंतरही ब्रेक मारताना पेडल थरथरलं किंवा खरखर राहिली तर डिस्कला खड्डे पडलेत, घाटात उतरायच्या आधी ती चेक करून घ्या.