शिक्षणाचा रकाना जुळवताना या चुका टाळा

वेगवेगळ्या देशांतील सामाजिक सर्वेक्षणांमधली शिक्षणाची माहिती एका मापात आणणे हे नवशिक्यांना एका दुपारचे काम वाटते. वय, लिंग आणि शिक्षण हे रकाने तर प्रत्येक प्रश्नावलीत असतात, मग त्यात अवघड काय, असे मला दरवर्षी कोणीतरी विचारतोच. वय खरोखरच सोपे आहे, कारण वर्षाची लांबी सगळीकडे जवळपास सारखीच असते. शिक्षण मात्र प्रत्येक देशाच्या शाळांनी, बोर्डांनी आणि प्रमाणपत्रांनी घडवलेले असते आणि ते जुळवताना होणाऱ्या चुका पुढच्या प्रत्येक तक्त्यात शिरतात.

सर्वांत महागडी चूक संगणकापर्यंत पोचण्याआधीच, उत्तरदात्याच्या ओसरीवर होते. युनेस्कोचे आंतरराष्ट्रीय प्रमाणित शिक्षण वर्गीकरण, म्हणजे इस्केड, माणसाचे शिक्षण ठरवताना त्याने यशस्वीपणे पूर्ण केलेली सर्वांत वरची पातळी मोजते; तो कोणत्या वर्गात बसत होता, हे नव्हे. काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आमची पाहणी चालू होती आणि चाळिशीपुढच्या पुरुषांत दहावी उत्तीर्णांचे प्रमाण मला पटण्यासारखे नव्हते. प्रगणक हुशार मुलगा होता, पण घाईचा, प्रश्नावलीतले दोन प्रश्न एकत्र करून तो सरळ "दहावी झाली का?" असे विचारत होता. मी निम्मे फॉर्म घेऊन पुन्हा घरोघर गेलो. कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे माणसे दिवस मावळल्याशिवाय घरी सापडत नसत. पहिल्याच घरी तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला, तेव्हा उत्तर आले, "झाली नं बाप्पा, तीनदा झाली." म्हणजे गृहस्थ परीक्षेला तीनदा बसले होते आणि तिन्ही वेळा इंग्रजी-गणितात अडकले होते. आपल्याकडच्या "झाली" या एका शब्दात शाळेत जाणे, परीक्षेला बसणे आणि पास होणे हे सगळे मावते. त्या मुलाने दर घरी वाचवलेल्या एका मिनिटापायी आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून मी दोन प्रश्न वेगळेच विचारतो: कोणत्या वर्गापर्यंत शाळेत गेलात, आणि शेवटची कोणती परीक्षा पास झालात. शिवाय उत्तर माणसाच्या शब्दांत जसेच्या तसे समासात लिहून ठेवतो. कागद वाया जातो, अशी तक्रार होते, होऊ द्यावी.

शब्दांचाच आणखी एक सापळा म्हणजे "प्राथमिक". महाराष्ट्रातल्या जुन्या रचनेत चौथीपर्यंत प्राथमिक, पाचवी ते सातवी उच्च प्राथमिक आणि आठवीपासून माध्यमिक असे धरले जात असे, तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी असे गट धरतो. इस्केडमध्ये भारताची पहिली पातळी पाचवीला संपते. चौथी पास झालेली आजी आपले प्राथमिक शिक्षण पूर्ण झाल्याचे सांगते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. पण तिला पहिल्या पातळीवर बसवणारा चुकत असतो. "मॅट्रिक" या शब्दाचेही तसेच आहे. राज्यात नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि त्याआधीची शालान्त परीक्षा सर्वसाधारणपणे अकरावीला होती, म्हणून शिक्षणाशेजारी जन्मवर्ष दिसत नसेल तर मी संकेतांक देतच नाही.

दुसरी माझ्या विशेष रागाची चूक म्हणजे फक्त आकडा बघून दोन फेऱ्यांच्या फायली जोडणे. इस्केडच्या १९९७ च्या आवृत्तीत डॉक्टरेट वगळता जवळजवळ सारे उच्च शिक्षण ५ या पातळीत होते आणि ६ म्हणजे डॉक्टरेट. २०११ च्या आवृत्तीत ५ म्हणजे पदवीपेक्षा लहान अभ्यासक्रम, ६ म्हणजे पदवी, ७ म्हणजे पदव्युत्तर आणि ८ म्हणजे डॉक्टरेट. एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने परदेशी सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या रकान्याचे नाव सारखे आहे एवढ्याच आधारावर एकाखाली एक जोडल्या. पहिली फेरी जुन्या आवृत्तीची होती, दुसरी नव्या. संगणकाने संकेतांकांची पहिल्या फायलीतली नावे कायम ठेवली आणि दुसऱ्या फेरीतले सगळे पदवीधर डॉक्टरेटधारक झाले. तक्ता पाहून तो थांबायला हवा होता, पण त्याने त्या देशातल्या संशोधन संस्कृतीच्या वाढीवर पानभर विवेचन लिहिले. ज्या देशात डॉक्टरेट अचानक वाढल्या, तिथले पदवीधर त्याच काळात कुठे नाहीसे झाले, हा साधा प्रश्न शेजारचा स्तंभ विचारत होता. तो स्तंभ त्याने वाचलाच नव्हता. मी आता जोडणीपूर्वी संकेतांकापुढे आवृत्तीचे वर्ष लावतो, म्हणजे जुना सहा ९७०६ होतो आणि नवा सहा ११०६, आणि दोघे चुकूनही एकत्र येत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये याहून सुबक उपाय असतील, पण माझ्या डोळ्यांना चार अंक दिसले की खात्री वाटते.

तिसरा मोह म्हणजे सगळे शिक्षण कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पेट्यांत भरणे. जर्मनीत आबिटुअर ही परीक्षा विद्यापीठाचे दार उघडते. उमेदवारी करून मिळालेले व्यवसायाचे प्रमाणपत्रही उच्च माध्यमिक पातळीचेच असते, पण सहसा ते दार थेट उघडत नाही. युरोपियन सोशल सर्व्हेच्या सात पातळ्यांच्या मापात उच्च माध्यमिकाचे दोन भाग केलेले आहेत, ते याचसाठी. सोयरिकीच्या बैठकीत बारावी सायन्स आणि आयटीआय फिटर यांतला फरक जिथे मुलीच्या प्रत्येक मामाला कळतो, तिथे संशोधकाने दोघांना "मध्यम" म्हणून मोकळे व्हावे, हे मला समजत नाही.

पातळ्यांच्या कटकटीला कंटाळून काही जण शिक्षणाची वर्षे हेच माप घेतात. आपल्याकडे मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून बारावीविना पदवीपर्यंत पोचलेली माणसे आहेत, आणि नापास होऊन त्याच वर्गात पुन्हा बसलेल्यांची वर्षे कोणी धरतो, कोणी धरत नाही. वर्षे जरूर घ्यावीत, पण पातळीच्या जोडीला, बदली म्हणून नव्हे.

युरोपियन सोशल सर्व्हेच्या शिक्षणाच्या वर्षांच्या रकान्यातले ७७, ८८ आणि ९९ हे अनुक्रमे नकार, माहीत नाही आणि उत्तर नाही यांचे संकेतांक आहेत, वर्षे नव्हेत. सरासरी काढण्यापूर्वी ते बाजूला काढावेत. त्या सर्व्हेच्या पातळीच्या रकान्यातला ० म्हणजे निरक्षर नसून जुळवता न आलेले उत्तर आणि ५५ म्हणजे "इतर" आहे. त्यांना ओढूनताणून कुठे बसवू नये.

त्या त्या देशाच्या स्वतःच्या वर्गवारीचा मूळ रकाना पुसून त्यावरच नवा लिहिलेली फाईल मी तपासायला घेत नाही. जुना रकाना उभा, नवा आडवा असा तक्ता आधी दाखवावा लागतो आणि प्रत्येक चौकटीत माणसे का पडली, हे तोंडी सांगावे लागते. माझ्या वहीत त्या तीनदा दहावी झालेल्या गृहस्थांपुढे "नववी पास, इस्केड २" असे लिहिलेले आहे आणि समासात त्यांचे वाक्य तसेच आहे.