स्टायपेंडमधून कापलेला टीडीएस परत कसा मिळवायचा

स्टायपेंड ठरला महिना २५,०००, खात्यात येतात २२,५००. मधले २,५०० कंपनीने आयकराच्या कलम १९४जेखाली (व्यावसायिक फीवरची कपात) १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, म्हणून कापून तुमच्या पॅनवर भरलेले असतात. सहा महिन्यांच्या इंटर्नशिपचे झाले १५,०००. वर्षाची कमाई एवढीच, दीड लाख, असेल तर कर शून्य, कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे सगळे १५,००० तुमचेच, पण आयकर रिटर्न (वर्षाच्या कमाईचं आणि कराचं विवरण) भरल्याशिवाय हातात येत नाहीत. ‘उत्पन्न कमी आहे, रिटर्न कशाला?’ असा सल्ला देणारे भरपूर भेटतील. त्यांचं ऐकलं तर पैसे तिकडेच राहतात. शिवाय वर्षभरातला टीडीएस २५,००० किंवा जास्त झाला, तर उत्पन्न कमी असूनही रिटर्न सक्तीचं होतं.

एप्रिलमध्ये घाई करू नका. जानेवारी ते मार्चचा टीडीएस कंपनी मेअखेरपर्यंत कळवते आणि फॉर्म १६ए (टीडीएसचा दाखला) साधारण जूनच्या मध्यावर देते. त्याआधी भरलं तर शेवटच्या तिमाहीचे पैसे २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) दिसतच नाहीत. जून उलटला की आयकर पोर्टलवरून २६एएस आणि एआयएस (वर्षभरातल्या कमाई-व्यवहारांची यादी) उतरवून घ्या. एआयएसच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, आठ आकडी. कापलेली रक्कम २६एएसमध्ये नसेल तर कंपनीच्या अकाउंट्सला ईमेल करा. बहुतेकदा पॅन चुकीचा टाकलेला असतो. पॅन दिलाच नसेल तर कपात २० टक्क्यांनी होते, हेही तपासा.

आता रिटर्नचा फॉर्म, म्हणजे आयटीआर. कंपनीने पगार म्हणून दाखवून फॉर्म १६ (पगारावरच्या टीडीएसचा दाखला) दिला असेल तर आयटीआर-१. १९४जे असेल आणि काम इंजिनिअरिंग, तांत्रिक सल्ला, आर्किटेक्चर, अकाउंटिंग अशा ठरलेल्या व्यवसायांत बसत असेल, तर आयटीआर-४ आणि कलम ४४एडीए. त्यात एकूण जमेच्या निदान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी लागते. खर्च फारसा झालाच नसेल तर जास्त दाखवा. ४ लाखांच्या आत कर तसाही शून्य. शेअर विकले असतील तर पगारवाल्यांना बहुधा आयटीआर-२, १९४जेवाल्यांना बहुधा आयटीआर-३. इंट्राडे (त्याच दिवशी खरेदी-विक्री) किंवा एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) केलं असेल तर आयटीआर-३. शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे, ती यात मिसळू नका. ऑनलाइन गेममधल्या कमाईवर मात्र ३० टक्के कर लागतो, ४ लाखांची सूट तिला लागू नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जमा रकमेच्या रकान्यात. बँकेत आले १,३५,०००, म्हणून तेच लिहिलं जातं. तिथे टीडीएससकट १,५०,००० हवेत, कारण २६एएसमध्ये तोच आकडा आहे. दोन्ही जुळले नाहीत की रिटर्न सदोष ठरल्याची नोटीस येते आणि रिफंड अडकतो. बचत खात्याचं व्याज चारशे रुपये असलं तरी ‘इतर उत्पन्ना’त टाका, एआयएसमध्ये ते असतंच. करप्रणाली नवीच राहू द्या, जुनीत मर्यादा अडीच लाखांची आहे.

रिफंड फक्त तुमच्या स्वतःच्या, पॅनशी जोडलेल्या आणि पोर्टलवर प्रीव्हॅलिडेट केलेल्या (आधीच पडताळून घेतलेल्या) खात्यात येतो, बाबांच्या खात्यात नाही. शाळेत असताना उघडलेलं खातं अठरा पूर्ण झाल्यावर केवायसी न केल्याने बंद पडलेलं असू शकतं. आधी शाखेत जाऊन ते चालू करा. बँकेत ‘कु.’ किंवा नुसतं आडनाव-आद्याक्षरं आणि पॅनवर पूर्ण नाव, एवढ्यानेही प्रीव्हॅलिडेशन फसतं. पॅन-आधार जोडणीही पाहून घ्या.

रिटर्न ३१ जुलैच्या आत भरून टाका. सबमिट केल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करा, त्याशिवाय ते धरलंच जात नाही. त्यासाठीचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि पुष्कळांच्या आधारला अजून आईचा किंवा वडिलांचा नंबर असतो. त्यामुळे फॉर्म भरायला बसताना तो फोन कुणाकडे आहे ते बघा. मुदत हुकलीच, तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न चालतं आणि उत्पन्न ४ लाखांच्या आत असेल आणि रिटर्न सक्तीचं नसेल तर दंडही नाही. डिसेंबरही गेला, तर आयटीआर-यू (नंतर भरायचं अद्ययावत रिटर्न) भरून रिफंड मागता येत नाही.